डोकं, पोट, कान, पाय

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या आईबापांना मी चहा देते, पोराच्या हातात दिनदर्शिकेचं एखादं जुनं पान देते आणि एकच प्रश्न विचारते. पाणी मागतो का? आईबाप गोंधळतात. ते आलेले असतात वेगळंच सांगायला. तीन वर्षांचा आहे, मराठी वाचतो, इंग्रजी वाचतो, गाड्यांचे नंबर तोंडपाठ आहेत, हा बघा व्हिडिओ. परवाच सावर्ड्याहून एक जोडपं आलं होतं. पोराने घरात पाऊल टाकल्या टाकल्या पंख्यावरचं, फ्रिजवरचं, गॅसच्या शेगडीवरचं आणि माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं सगळं वाचून काढलं, तारखेसकट. बाप कौतुकाने माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "वाचतो ते दिसलं हो. तहान लागली तर काय करतो?" बापाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. आई खाली बघत म्हणाली, "रडतो."

डॉक्टर मंडळी ह्याला हायपरलेक्सिया म्हणतात. अक्षरं पोराला आपसूक येतात, अर्थ मागाहून येतो आणि बोलणं त्याच्याही मागाहून, येईल तेव्हा. हे नाव मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पण नाव कळायच्या कितीतरी आधी ही गोष्ट आमच्या घरात दोन वेण्या घालून हिंडत होती, आणि आम्ही तिला शकू म्हणत होतो. शकू माझी धाकटी बहीण. दर रविवारी रत्नागिरीतल्या माझ्या ह्या पडवीत ज्या आया जमतात, त्यांना वाटतं मी कुठेतरी शिकून आलेय. मी शाळेत कारकुनी केली आयुष्यभर. जे काय शिकले ते देवरुखच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत, आमच्या चुलीपुढे, आणि त्यातलंही अर्धं माझ्या लबाडीमुळे. ती लबाडी मी आजवर त्या आयांना कधी सांगितलेली नाही. आता वय झालं, लिहून टाकते.

आमचं घर चार खणांचं, चिऱ्याचं, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे गोठा. घरात आम्ही तिघीच. बाबा मुंबईला गिरणीत. वाडीतले सगळेच बाप मुंबईला होते, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. बाप म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारा, पत्र्याच्या ट्रंकेतून खाऊ काढणारा आणि जाताना उंबऱ्यात घुटमळणारा माणूस, अशीच आमची समजूत होती. घरात आवाज आईचे. पहाटे जात्याची घरघर, मग चुलीत फुंकणीची फुंक, मग कपिला गाईला घातलेली हाक. सकाळी पेज आणि आंब्याच्या लोणच्याची फोड, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, बाजाराचा दिवस असला तर सुकटीचं कालवण. उकड्या तांदळाच्या पेजेचा तो वास मला आता कुठल्याही तांदळाला येत नाही. कुकरात कसला येतोय डोंबल!

आईला लिहा-वाचायला येत नव्हतं. बाबांची पत्रं वाचणं हे माझं काम, आणि त्या कामाचा माझा तोरा काय विचारावा! पोस्टमन खळ्यात आला की आई हात पदराला पुसत पाटावर बसायची, मी पत्र उघडायचे, घसा खाकरायचे आणि एक एक वाक्य तोलून वाचायचे. मध्ये थांबून आईच्या तोंडाकडे बघायचे. मला हवं ते दोनदा वाचायचे, नको ते गाळायचे. "सुलीला म्हणावं आईला कामात हात लाव" हे वाक्य दर पत्रात असायचं आणि मी ते एकदाही वाचलेलं नाही.

शकूचं वाचन पहिल्यांदा कळलं ते त्या पत्र्याच्या ट्रंकेमुळे. बाबा शिमग्याला आले होते. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका असं सगळं रंगवलेलं. शकू तेव्हा तीन वर्षांची. तोवर ती "आई" म्हणाली नव्हती, "बाबा" म्हणाली नव्हती, हाक मारली तर मान वळवत नव्हती. पारूकाकी, आमची शेजारीण, म्हणायची की पोर मुकी हाय, देवाला नारळ ठेव. ती मुकी पोर ट्रंकेपुढे बसली आणि खणखणीत आवाजात नाव, गाव, पोस्ट, तालुका वाचून मोकळी झाली. बाबांच्या हातातला चहा सांडला. कोणी शिकवलं? कोणीच नाही. मी अभ्यास करताना ती शेजारी बसायची, एवढंच. मग काय, बाबांनी तिला खांद्यावर घेऊन वाडीभर मिरवलं. गुळाच्या पुडीचा कागद दे, वाचला. एसटीची पाटी, वाचली. मी चार वर्षं शाळेत जात होते, मला कोणी खांद्यावर घेतलं नव्हतं.

आणि मग पत्रंही गेली माझ्या हातची. एकदा मी विहिरीवर होते तेव्हा पत्र आलं आणि शकूनेच ते खळ्यात, चार बायकांसमोर, एसटीच्या कंडक्टरने थांब्यांची नावं सांगावीत तशा सुरात घडाघडा वाचलं. त्यात बाबांनी आईला लिहिलं होतं की तुझी फार आठवण येते, उशाशी तुझं जुनं लुगडं ठेवतो. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आई लालबुंद होऊन गोठ्यात पळाली. आणि "सुलीला म्हणावं आईला कामात हात लाव" हे वाक्य त्या दिवशी घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मी शकूचा राग राग करू लागले तो तेव्हापासून.

आई मात्र हळूहळू गप्प होत चालली होती. सगळी वाडी म्हणे पोरीच्या जिभेवर सरस्वती बसलेय, आणि आईला दिसत होतं की त्याच जिभेला "भूक लागली" म्हणता येत नाही. शकू उपाशी असली की खांबावर डोकं आपटायची. झोप आली की आपटायची, थंडी वाजली की आपटायची. आई एक एक करून बघायची. पेज दे, नको. पांघरूण दे, नको. उचलून घे, नको. कधी कधी आईच रडायला लागायची. "काय हवां तां सांग गो बाय, एकदा तरी सांग," म्हणायची. शकू भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्राकडे बघून त्यातली जाहिरात वाचायची.

शाळेत घालायला नेलं तर गुरुजींनी विचारलं, "नाव काय तुझं?" शकू गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. तेवढ्यात फळ्यावरचा सुविचार तिला दिसला आणि तिने तो मोठ्याने वाचला. गुरुजी आईला म्हणाले, "बाई, एवढं वाचते आणि नाव सांगत नाही? ही पोर माजलेली आहे. दोन फटके द्या, बोलेल." म्हणजे वाडीला ती देवी वाटत होती आणि शाळेला माजोरी. गंमत बघा, आज इतक्या वर्षांनी मी आयांबरोबर शाळांमधून जाते, मुख्याध्यापकांसमोर खुर्ची ओढून बसते, तेव्हाही ह्या दोनातलंच एक ऐकायला मिळतं. शब्द तेवढे जरा गुळगुळीत झालेत.

आता माझी लबाडी. चैत्राचे दिवस होते, परसात काजूच्या बोंडांचा वास सुटलेला. मी पाटीवर लिहिण्याचा सराव करत होते आणि धड्यातलं म्हणून "पाट आण" असं लिहिलं. शकू शेजारी होती. तिने वाचलं, उठली, माजघरात गेली आणि पाट घेऊन आली. मी बघतच राहिले. तोंडाने दहादा सांगितलं तरी जी मान वळवत नव्हती, ती पाट घेऊन उभी! मी "पाट ठेव" लिहिलं. ठेवला. "शेणी आण" लिहिलं. गोठ्याकडे जाऊन दोन शेण्या आणल्या. "कोंबड्या हाकल." हाकलल्या. मला ओरडत आईकडे धावावंसं वाटलं. दोन पावलं टाकली, आणि थांबले. आईला सांगितलं असतं तर पुन्हा शकूचाच गाजावाजा झाला असता. शिवाय, खरं सांगायचं तर, मला फुकटची गडीण मिळाली होती. शेण्या आणणं, खळं झाडणं, भांडी पालथी घालणं ही माझी कामं मी पाटीवर लिहायचे आणि करवंदीच्या जाळीकडे पळायचे. शकू एकेक वाचून करायची, पुसायची आणि पाटी घेऊन पुढच्या हुकमाची वाट बघत बसायची. कोणीतरी तिच्याशी तिला कळेल असं बोलत होतं, त्याची ती वाट बघत होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. बारा वर्षांची होते, अगदीच काही लहान नव्हते.

लावणी आटपली की वाडीत पोथी लागायची. तात्या गावकराच्या पडवीत दुपारचं जेवण झालं की बायामाणसं जमायची, तात्या ओव्या वाचायचे आणि अर्थ सांगायचे, ते गणपतीच्या आधी समाप्ती होईस्तोवर. त्या वर्षी तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पोथीला खंड पडायचा म्हणून सगळे हवालदिल. तेव्हा पारूकाकीला सुचलं, शकूला बसवा! पाच वर्षांची शकू पाटावर बसली आणि पोथी वाचू लागली. ती वाचायची, तात्या अर्थ सांगायचे. अडचण एकच, शकू थांबायची नाही. तात्यांचा अर्थ सुरू झाला तरी हिचं वाचन चालूच. मग तात्यांनी युक्ती काढली. अर्थ सांगायचा असला की ते खांद्यावरचं उपरणं पोथीच्या पानावर टाकायचे. अक्षरं दिसेनाशी झाली की शकू गप्प. बायका तिच्या पाया पडायच्या, हातावर खडीसाखर ठेवायच्या. आईलाही सुरुवातीला बरं वाटलं असावं. मुकी म्हणून हिणवलेल्या पोरीला कोणी पाटावर बसवत असेल तर कुठल्या आईला वाटणार नाही?

समाप्तीचा दिवस उजाडला तो शकूच्या किंचाळण्याने. सकाळपासून ती डोकं आपटत होती. पेज घेतली नाही, केसांना हात लावू दिला नाही. आई म्हणाली, "आज नाय नेत तिला." पारूकाकी दारात उभीच होती. "समाप्ती मोडतेस? वाडीवर काय आलां तर कोण निस्तरील?" आईला नाही म्हणायची सवय नव्हती. नेलं तिला.

तात्यांच्या पडवीत रांगोळी काढलेली, उदाचा धूर दाटलेला, शिऱ्याचा वास. शकूला पाटावर बसवलं. अक्षरं दिसली तशी ती वाचू लागली, पण त्या दिवशी तिचा आवाज चिरका येत होता. अंग पुढे-मागे झुलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड वाचतच होतं. मला ते बघवेना. तेवढ्यात पारूकाकी ओरडली, "वारां आलां गो! आये अंगात आली पोरीच्या!" झालं. देवी आली म्हणून बायका पुढे सरसावल्या. कोणी कपाळावर हळद-कुंकू फासलं, कोणी खण टाकला. एकीने पायांवर डोकं ठेवून विचारलं, "माझा झिलगा मुंबईहून पत्र नाय धाडीत, कदी धाडील सांग आये." शकूने पुढची ओवी वाचली. त्यात कुठेतरी "सत्वर" असा शब्द होता. बाई रडत रडत म्हणाली, "लवकर धाडील म्हणाली!" मग दुसरी आली, तिसरी आली. आमची शकू बायकांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली, नुसता तो चिरका आवाज ऐकू येत होता.

आई त्या घोळक्यात घुसली. एवढ्या मोठ्याने ओरडलेली मी तिला आयुष्यात तेवढीच एकदा पाहिली. "सोडा तिला! माझ्या पोरीचां काय तरी दुखतंय! काय तां मला कळत नाय, पन दुखतंय!" तात्या म्हणाले, "बाय, देवाच्या कामात आडवी येऊ नको." आईने सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती कोणीतरी आपलं म्हणून माझ्याकडे बघत होती. पाटी घरी राहिली होती.

मी रांगोळीचं ताट उचललं, शकूपुढे जमिनीवर उपडं केलं, रांगोळी तळव्याने पसरली आणि बोटाने लिहिलं, "काय दुखतं?" शकूने पोथीवरून नजर काढली. "काय दुखतं," तिने वाचलं आणि पुन्हा झुलू लागली. "बघा, आयेच विचारतेय!" पारूकाकी म्हणाली. हुकूम ती ऐकायची, पण प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता! काय हवंय, काय होतंय, असं कधी लिहिलंच नव्हतं. मी ते पुसलं. खूप विचार केला असं नाही, हाताला सुचलं ते लिहिलं. डोकं. पोट. कान. पाय. चार शब्द, एकाखाली एक. शकूने चारही वाचले, त्याच कंडक्टरच्या सुरात. मग गप्प झाली. उपरणं न टाकता ती गप्प झालेली वाडीने पहिल्यांदाच बघितली. तिने बोट पुढे केलं आणि "कान" ह्या शब्दावर ठेवलं. रांगोळी विस्कटली. मी पुन्हा चारही शब्द लिहिले, ह्या वेळी जागा बदलून. तिने शोधून पुन्हा कानावरच बोट ठेवलं, आणि दाबून धरलं.

आईने तिचा उजवा कान नुसता हाताने चाचपला तर शकू अशी किंचाळली की गोठ्यातली गुरं उठली. तात्यांना दिसत नव्हतं, पण कळलं होतं. त्यांनी चाचपडत खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पोथीवर टाकलं. म्हणाले, "समाप्ती झाली. पोरीला डॉक्टरकडं न्या."

तीनची एसटी आम्ही धावत गाठली. देवरुखच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, चिमटा घातला आणि मुगाच्या दाण्याएवढी टम्म फुगलेली गोचीड बाहेर काढून आमच्यापुढे धरली. शकू कपिलेच्या पोटाला डोकं लावून झोपायची, तिथली ती. किती दिवस आत होती देव जाणे. डॉक्टरांनी कानात घालायला थेंबांची बाटली दिली. शकू आईच्या मांडीवर एसटी स्टँडच्या बाकावरच झोपून गेली, कपाळावर अजून कुंकू तसंच. आई तिचे केस सारखे करत होती. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुला कदीपासून म्हायती होतां?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "चैतापासून." आईने बोटांवर मोजलं. चैत, वैशाख, जेठ, आखाड, सरावण. "पाच म्हयने," ती म्हणाली. "पाच म्हयने माझ्या पोरीशी बोलता येत होतां, आन मला म्हायती नव्हतां." मी थोबाडीत बसायची वाट बघत होते. बसली असती तर फार बरं झालं असतं. आई समोरच्या गाड्यांच्या पाट्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला शिकव."

मग मी तिला शिकवलं. चुलीपुढे राख पसरून. अआइई नाही, तिला तेवढा वेळ नव्हता. तिने शब्दच मागितले, लागतील तसे. आधी पाणी, मग पेज, मग कान. जात्याच्या खुंट्याने घट्टे पडलेल्या तिच्या हाताला बोटभर काना सरळ काढता यायचा नाही. मी खेकसायचे, ती मुकाट पुसून पुन्हा काढायची. चौथ्या दिवशी तिने पाटीवर स्वतः "पाणी आण" लिहिलं आणि शकूपुढे धरलं. शकू उठली, मडक्यातून पेला भरून घेऊन आली. आई तो घटाघटा प्याली, पाटी पुसून तिने पुन्हा "पाणी आण" लिहिलं. पुन्हा पेला. असे पाच पेले प्याली ती एका बैठकीत, हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शकू आपली इमानाने भरून आणत होती. शेवटी मीच मडक्यावर झाकण ठेवलं.

दिवाळीनंतर आईने पाटी पदराखाली घेतली आणि शकूला घेऊन शाळेत गेली. मीही मागोमाग. गुरुजींना म्हणाली, "बोलू नका तिच्याशी, लिवा." गुरुजी हसले, पण त्यांनी फळ्यावर लिहिलं, "तुझे नाव काय?" शकूने ते मोठ्याने वाचलं आणि खिडकीकडे बघू लागली. गुरुजींनी खडू ठेवला. "बघितलंत? तेच!" माझं तोंड उतरलं. आई मात्र फळ्याजवळ गेली, खडू उचलला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "माझे नाव," आणि पुढे एक लांब रेघ ओढली. खडू शकूच्या हातात दिला. हे मी शिकवलेलं नव्हतं, हे तिचं तिने शोधलं होतं. शकूने रेघेवर लिहिलं, "शकुंतला." मग स्वतःच मागे सरून वाचलं, "माझे नाव शकुंतला." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बसू दे. पण तुम्ही पण बसायचं." आई सकाळची कामं उरकून दोन तास पहिलीच्या वर्गात मागे भिंतीला टेकून बसू लागली. पोरं हसायची. आई म्हणायची, "हसा रे हसा, माझां पण होतंय शिकून." आणि झालंही. शिमग्यापर्यंत तिला जोडाक्षरं यायला लागली.

त्या सावर्ड्याच्या बाईने मला विचारलं, "तुमची बहीण बरी झाली का हो शेवटी?" शकू तेव्हा आमच्यासमोरच बसून पेपर वाचत होती, निविदा सूचनांसकट, मोठ्याने. बरी व्हायला ती आजारी नव्हती. बोलते आता, मोजकं. चिडली की अजून डोकं आपटते. चहा हवा असला की मला लिहून दाखवते, आणि साखर कमी पडली तर तेही. त्या दिवशी तिने त्या पोरापुढे पाटी सरकवली आणि त्यावर "पाणी" आणि "बिस्कीट" असे दोनच शब्द लिहिले. पोराने बिस्किटावर बोट ठेवलं. त्याची आई पडवीतच रडायला लागली. बाप उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गाडीपाशी उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "शाळेत याल का आमच्या?" येईन म्हटलं, न यायला काय झालं?

एवढ्यावर हे प्रकरण संपवणार होते, पण त्या वर्षीच्या शिमग्याचं एक राहिलं.

बाबा गणपतीला आले नव्हते, रजा मिळाली नव्हती. शिमग्याला नक्की येतो म्हणाले होते. आईने खळं नव्याने सारवलं, पुरणाची डाळ आणून ठेवली. वाडीत ढोल घुमायला लागले होते. मी पाणी भरून आले तर आई चुलीपुढे बसलेली, हातात बाबांचं पत्र. तिने ते कोणाला वाचायला दिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः, एक एक अक्षर लावत, वाचलेलं ते पत्र, आणि त्यात लिहिलेलं की ह्या शिमग्यालाही येणं जमत नाही. चूल विझत आलेली, आणि आई गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होती. घागर डोक्यावर घेऊन मी दारातच थांबले.

शकू कोपऱ्यात बसली होती. ती आईकडे बघत नव्हती, ती कोणाकडे बघायचीच नाही. पण तिने पाटी ओढली, काहीतरी लिहिलं, उठली आणि पाटी आईच्या गुडघ्यांवर टेकवून उभी राहिली. आईने डोकं वर काढलं. पाटीवर चार शब्द होते, एकाखाली एक. डोकं. पोट. कान. पाय.

आईने ते चारही शब्द वाचले. शकू पाटी धरून उभी होती, उत्तराची वाट बघत. मग आईने बोट पुढे केलं आणि "कान" वर ठेवलं.

शकू धावत कोनाड्याकडे गेली. डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीत तळाशी थोडं औषध उरलं होतं, ते घेऊन आली. आईने चुलीपुढेच जमिनीवर एका कुशीला डोकं टेकलं, डोळे मिटले, आणि शकूने तिच्या धडधाकट कानात मोजून दोन थेंब घातले.

नंतर कधीतरी मी आईला विचारलं होतं, कानच का म्हणून. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "चारातला एक पन नव्हता गो. पन घरात औषध तेवढ्याचांच होतां."